जिवावरचे शेपटावर निभावले. पण शेपूट दुखते त्याचे काय?

चिपळूणहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या विनंतीनुसार नाव छापलेले नाही. पत्र थोडे संक्षिप्त केले आहे.

«माझे वय ४७. बाजारपेठेजवळ आमचे घर आणि घराला लागूनच माझे शिवणकामाचे दुकान आहे. २२ जुलै २०२१ च्या पहाटे पाणी घरात शिरले, तेव्हा मी, सासरे आणि मुलगी माळ्यावर चढलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी होडी येईपर्यंत तिथेच बसून होतो. शेजारच्या आजी एकट्या राहत. मी भिंतीवर थापा मारून त्यांना हाका मारत होते आणि त्या ओ देत होत्या. दुपारनंतर ओ आली नाही, तरी मी रात्रीपर्यंत हाका मारत राहिले. आम्हाला बाहेर काढणाऱ्या होडीवाल्या मुलांची नावेसुद्धा मी विचारली नाहीत. येत्या जुलैत पाच वर्षे होतील. जून लागला की झोप जाते. गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली की हातातले काम टाकून मी मुलीला हाका मारत सुटते. मुलीने मोबाइलवर ध्यानाचे अ‍ॅप घालून दिले. त्यात डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगतात. तिसऱ्या मिनिटाला पाणी छातीपर्यंत आल्यासारखे वाटून मी गुदमरते. एका शिबिरात कृतज्ञतेची वही लिहायला सांगितले, रोज तीन गोष्टी. ‘जीव वाचला’ हे तीनदा लिहिल्यावर मला स्वतःचीच शिसारी आली आणि वही बंद केली. मामेसासरे म्हणतात, जिवावरचे शेपटावर निभावले, देवाचे आभार मानायचे सोडून रडतेस काय. चुलतभाऊ म्हणतो, इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेच्या ध्यानशिबिराला जाऊन ये. फॉल-पिकोचे काम हातात असते तेवढा वेळ बरे वाटते, पण ते किती पुरणार? मी कृतघ्न आहे का? ध्यान मलाच का जमत नाही? आणि आजींचे अर्धे शिवलेले पोलके अजून माझ्याकडे आहे, त्याचे काय करू?»

सप्रेम नमस्कार.

मिळालेले जो नाकारतो, त्याला आपण कृतघ्न म्हणतो. तुम्ही काहीच नाकारलेले नाही. जीव वाचला, हे तुम्ही त्या वहीत तीनदा लिहिलेत. अडचण एवढीच झाली की ते वाक्य लिहिताच त्याच्या शेजारी ‘आजींचा वाचला नाही’ हे दुसरे वाक्य येऊन उभे राहिले आणि वहीत त्या दुसऱ्या वाक्याला जागाच ठेवलेली नव्हती. दोन्ही वाक्ये खरी असताना एकच लिहायचे, म्हणजे अर्धे खोटे लिहिल्यासारखे वाटणारच. शिसारी आली ती त्या अर्धेपणाची, असे मला तुमचे पत्र दुसऱ्यांदा वाचताना वाटले.

मामेसासऱ्यांवर रागावू नका. रडणारे माणूस समोर असले की वडीलधाऱ्यांना काहीतरी बोलावेसे वाटते आणि हाताशी म्हण असते. पण जिवावरचे शेपटावर निभावले, हे ज्याचे शेपूट गेले त्याने स्वतःच्या तोंडाने म्हटले तर त्यात धीर असतो. काठावर उभ्या असलेल्या दुसऱ्याने म्हटले की त्याचा अर्थ ‘आता पुरे’ असा होतो. कृतज्ञतेचेही तसेच आहे. ती आतून उगवली तर माणसाला सावरते आणि बाहेरून लादली तर आणखी एक ओझे होते. तुमच्या पाठीवर आता दु:खाच्या जोडीला ‘दु:ख झाल्याबद्दलचा अपराध’ येऊन बसला आहे, आणि हे दुसरे ओझे उतरवणे त्यातल्या त्यात सोपे आहे.

आता ध्यानाविषयी. साध्या आठवणीला तारीख असते. मुलीच्या बारशाची आठवण आली, तर ती कितीही स्पष्ट असली तरी ते बारसे आज चालले आहे असे तुम्हाला वाटत नाही. जिवावर बेतलेल्या प्रसंगाची नोंद मेंदूत वेगळ्या रीतीने होते. धोका ओळखणारा अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग त्या वेळी इतका जागा असतो, आणि घटनेला स्थळकाळाची चौकट देणारी यंत्रणा इतकी मागे पडते, की आवाज, वास, छातीवरचा दाब हे सारे तुटक तुकड्यांत साठते आणि त्यांच्यावर तारखेचा शिक्का नीट बसत नाही. म्हणून टाकी वाहू लागली की तुम्हाला पूर आठवत नाही. तुमच्या शरीरापुरता तो पुन्हा येतो. किल्लारीच्या परिसरात १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे भूकंप झाला, त्यानंतर घर उभे राहिलेले लोकही कित्येक दिवस उघड्यावर झोपत, कारण छप्पर या गोष्टीवरचा त्यांच्या शरीराचा विश्वास उडाला होता. तुमचा विश्वास वाहत्या पाण्याच्या आवाजावरून उडाला आहे. यात वेडेपणा तर नाहीच, मनाचा दुबळेपणाही नाही.

अशा स्थितीत डोळे मिटून श्वासाकडे पाहायला सांगितले, तर काय होईल? माळ्यावरच्या त्या पूर्ण दिवस-रात्रीत तुमचा श्वास आखडलेला होता. भीतीचा सगळा हिशेब छातीतच लिहिला गेला. अ‍ॅपने तुम्हाला नेमक्या त्याच खोलीत दिवा मालवून एकटे बसवले आणि शांत व्हा म्हणून सांगितले. तिसऱ्या मिनिटाला तुम्ही उठलात, हे तुमच्या शरीराने योग्यच केले. अ‍ॅपला तुमचा चेहरा दिसत नाही. समोर बसलेल्या जाणत्या शिक्षकाला तो दिसला असता आणि त्याने तुम्हाला डोळे उघडायला सांगितले असते.

आज जिला आपण सजगता (माइंडफुलनेस) म्हणतो तिची रुग्णालयातली सुरुवात १९७९ साली झाली. जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा वर्ग काढला. त्यात शिकवणारा माणूस समोर असे, विचारायला जागा असे, मागे डॉक्टर असत. आज ती गोष्ट दहा मिनिटांच्या आवाजात येऊन बसली आहे आणि मधले सगळे गळून गेले आहे. मूळ शब्द तर आपल्या घरचाच आहे: पालीतला ‘सति’, म्हणजे संस्कृतातली स्मृती. तुमच्यासारख्या, आठवणींनीच त्रासलेल्या माणसाला स्मृती वाढव म्हणणे ही थट्टा वाटेल, पण इथे तिचा अर्थ मागचे उकरणे असा होत नाही. आत्ता आपण कुठे आहोत आणि काय करत आहोत याचा विसर न पडणे, असा होतो. त्यात डोळे मिटण्याची अट नाही आणि श्वासाचीही नाही.

आणि हे तुम्हाला जमते. तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकले आहे, फॉल-पिकोचे काम हातात असते तेवढा वेळ बरे वाटते, आणि माझ्या मते सगळ्या पत्रात तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. माझी आई फॉल लावत असे. खालची कड मशीनवर घातली तरी वरची ती हातानेच घाली, आणि तेव्हा सुईच्या टोकावर साडीचा एखादाच धागा उचलायचा म्हणजे टाका दर्शनी बाजूला दिसत नाही, हे तिने मला दाखवले होते. मला ते कधीच साधले नाही. माझे टाके लांबून मोजता येत. एक धागा उचलायला नजर, बोटे आणि मन एकाच जागी लागतात. तिथे मागचा जुलै नसतो आणि पुढचाही नसतो. ‘ते किती पुरणार’ असे तुम्ही विचारता. दिवसभर पुरायला नकोच आहे. रोज एका साडीची पहिली एक वीत एवढीच वेगळी धरा: रेडिओ बंद, डोळे उघडे, पाय जमिनीवर टेकलेले, आणि लक्ष फक्त बोटांना कापड कसे लागते याकडे; कॉटन असेल तर खरखरीत, सिंथेटिक असेल तर निसटते. मन भरकटले की पुढच्या टाक्याशी परत आणायचे, त्याला रागे भरायचे नाही. छाती भरून आली तर सुई खाली ठेवून दाराबाहेर रस्त्याकडे पाहायचे. सुरुवातीला चार-पाच मिनिटे खूप झाली, आणि हे साधे वाटले म्हणून कमी प्रतीचे समजू नका.

टाकी वाहू लागते तेव्हासाठी मात्र वेगळी तयारी लागेल, कारण त्या क्षणी सुईत दोरा ओवण्याइतके कुणाचेच भान नसते. जागच्या जागी उभे राहून दोन्ही टाचा जमिनीत दाबा, नजर वर करून समोर दिसणाऱ्या वस्तूंची नावे मोठ्याने घ्या: मशीन, कात्री, कॅलेंडर, रिळांचा डबा. मग कॅलेंडरवरची तारीख सालासकट वाचा आणि म्हणा, ‘मी दुकानात आहे, टाकी भरली आहे, मोटर बंद करायची आहे.’ हे ऐकायला बालिश वाटेल, पण ज्या आठवणीवर तारीख नाही तिच्यावर तुम्ही ती आपल्या हाताने घालत आहात. त्यानंतर जमले तर श्वास नेहमीपेक्षा सावकाश, लांब सोडा. उच्छ्वास लांबला की हृदयाची धडधड थोडी उतरते. श्वासाकडे जाताच गुदमरत असेल तर ही पायरी गाळा, काही बिघडत नाही. मुलीला हे आधी सांगून ठेवा, म्हणजे तुम्ही हाका मारल्यात तर ती ‘काय झाले’ म्हणून घाबरण्याऐवजी तुम्हाला तारीख विचारील. आणि प्लंबरला बोलावून टाकी भरताच मोटर आपोआप बंद होईल असा स्विच बसवून घ्या. याला कुणी अध्यात्म म्हणणार नाही, पण जी जखम टाळता येते ती टाळण्यात शहाणपण आहे.

तुमच्या भीतीत एक भाग असाही आहे जो आजार नव्हे. वाशिष्ठी २००५ च्या जुलैतही शहरात आली होती आणि २०२१ च्या जुलैतही आली. नदीकाठी राहणाऱ्या माणसाने जूनमध्ये सावध होणे हा अनुभव आहे. मे संपण्यापूर्वी कागदपत्रे प्लॅस्टिकमध्ये बांधून वर ठेवणे, सासऱ्यांच्या औषधांची पिशवी, बॅटरी, शिट्टी, पाणी वाढले तर कुणाच्या दुसऱ्या मजल्यावर जायचे हे त्या घरच्यांशी आजच बोलून ठरवणे, ही कामे करून टाका. ज्या मनाला खरोखरची वाट दिसते ते रात्री थोडे कमी जागते. नदीतला गाळ काढावा म्हणून २०२१ च्या अखेरीस चिपळूणच्या लोकांनी साखळी उपोषण केले, तेव्हा जीव वाचल्याबद्दल ते कृतघ्न आहेत असे कुणी म्हटले नाही. आभार मानणाऱ्याने प्रश्न विचारू नयेत, असा नियम नाही.

आता त्या वहीकडे येऊ. रोज किंवा आठवड्याला चांगल्या गोष्टी लिहिण्याच्या पद्धतीला जो अभ्यासाचा आधार दिला जातो, त्यात रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांचा २००३ सालचा अभ्यास मुख्य आहे. त्यांनी ही वही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आणि स्नायू-मज्जातंतूंचा आजार असलेल्या प्रौढांना लिहायला दिली आणि त्यांना आपल्या आयुष्याबद्दल अधिक बरे वाटू लागल्याचे आढळले. पद्धत चांगलीच आहे, पण शेजारच्या भिंतीआडचा आवाज थांबताना ज्यांनी ऐकला, अशांसाठी ती बेतलेली नव्हती. शिबिरात ती सर्वांना एकाच मापाने वाटली गेली. एकाच मापाचे ब्लाऊज साऱ्या गावाला कसे बसेल, हे मी तुम्हाला सांगायला नको.

मराठीत आभार आणि ऋण असे दोन शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. आभार मानून माणूस मोकळा होतो. ऋणात तो राहतो, आणि ऋण कुणाचे तरी असते. ‘जीव वाचला’ या वाक्यात माणूसच नाही, म्हणून ते तुम्हाला पोकळ लागले. कुणाचे आभार? पावसाचे, दैवाचे, आजींना न मिळालेल्या आणि तुम्हाला मिळालेल्या माळ्याचे? हे आभार मानायची काही गरज नाही. ‘पुराने मला खूप शिकवले’ असेही म्हणू नका. कुणी म्हणायला लावले तर उठून या. त्याऐवजी वहीचे एक पान उभे दुमडा. डावीकडे जे गेले ते लिहा, आजींच्या नावासकट. उजवीकडे फक्त माणसे लिहा आणि त्यांनी हाताने केलेली कामे: कुणी दोरी टाकली, कुणी सासऱ्यांना पाठुंगळी घेतले, कुणी चिखल उपसायला फावडे आणले, कुणी पहिला चहा दिला. रोज लिहू नका. आठवड्यातून एकदा, दिवसाउजेडी, तेही आठवले तर. उजवी बाजू भरली म्हणून डावी पुसायची नाही. ती दोन खाती वेगळी आहेत आणि त्यांची वजावट होत नाही.

त्या उजव्या बाजूला होडीवाली मुले येतील. त्यांची नावे विचारली नाहीत, ही खंत तुमच्या पत्रात आहे. चिपळूण काही एवढे मोठे नाही. त्या दिवशी कोणकोणत्या वस्तीतून होड्या आल्या हे सांगणारे लोक अजून आहेत. शोध घ्या, पण मन तयार असेल तेव्हा, आणि मुलीला बरोबर घेऊन. भेटल्यावर भाषण करायची गरज नाही. नाव विचारा आणि आपले सांगा. शोध लागला नाही तरी, तुम्ही त्यांच्या ऋणात आहात हे वहीत लिहिता येईल.

आणखी एक गोष्ट लिहायची की नाही, हे मी तुमच्यावर सोडते. ओ येणे थांबल्यावरही तुम्ही रात्रीपर्यंत हाका मारत राहिलात. माळ्यावर एक वृद्ध आणि एक मूल तुमच्या हाती होते, आणि खाली ओढ असलेले पाणी होते. ‘मी उतरायला हवे होते’ हे आज, कोरड्या जमिनीवर उभे राहून मनात येते. त्या दिवशी उतरायला जमीनच नव्हती. मी हे सांत्वनासाठी लिहीत नाही, कारण असल्या तर्काने अपराधाची भावना जात नाही, हे मी या कामात पुष्कळदा पाहिले आहे. आजींना शेवटपर्यंत कुणीतरी नावाने हाक मारत होते, एवढे मात्र घडले आहे. ते पानाच्या कोणत्या बाजूला जाईल, मला ठरवता येत नाही.

चुलतभावाने सांगितलेले इगतपुरीचे केंद्र, धम्मगिरी, १९७६ पासून चालू आहे आणि तिथून बरे होऊन आलेली माणसे मी ओळखते. तरी तुम्ही आत्ता जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. दहा दिवसांचे शिबिर, त्यातले पहिले नऊ दिवस मौन, रोज सुमारे दहा तास बैठक, पहिले साडेतीन दिवस श्वास आणि नंतर शरीरातल्या संवेदना. तीन मिनिटांत जिथे गुदमरायला होते, तिथे हे म्हणजे पोहता येत नसताना खाडीत उतरणे आहे. अर्जात मानसिक त्रासाविषयी विचारतात, ते उगाच नव्हे. पुढे कधी जावेसे वाटलेच, तर उपचार करणाऱ्याशी बोलून आणि अर्जात सगळे खरे लिहून जा.

उपचार करणारा हा शब्द मी मुद्दाम वापरला. अशी लक्षणे महिन्याहून अधिक टिकली आणि त्यांनी झोप, काम, घर यांत व्यत्यय आणला, तर त्याला आघातोत्तर ताणविकार म्हणतात. १९८० पासून तो अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत स्वतंत्र नावाने नोंदलेला आहे. तुम्हाला तो आहे की नाही, हे पत्रावरून सांगणे योग्य नाही. पण पाच पावसाळे झाले आहेत, तेव्हा तपासून घ्यायलाच हवे. आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तन उपचार, म्हणजे विचार आणि वागणे यांवर बोलून काम करण्याची पद्धत, आणि डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने केला जाणारा ईएमडीआर, हे दोन्ही उपचार जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेले आहेत. सजगता आणि वही त्यांच्या जोडीला चालतात, त्यांच्याऐवजी नाही. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. नावाला बिचकत असाल, तर आधी घरबसल्या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो निःशुल्क आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. जगणे नकोसे वाटण्याचा विचार कधी डोकावला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच वेळी फोन करा आणि मुलीला उठवा. झोपेची गोळी मात्र डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घेऊ नका, शेजारणीला लागू पडली असली तरीही.

राहिले आजींचे पोलके. ते पूर्ण करावे का, कुणाला द्यावे का, त्यांच्या माहेरच्या कुणाला दाखवावे का, यांतले काहीही यंदाच्या पावसाळ्याआधी ठरवू नका. उपचार सुरू होऊन काही महिने गेले, आणि ते हातात घेतल्यावर गुदमरण्याऐवजी नुसते रडू आले, तर तेव्हा बाह्या लावायच्या की नाही याचा विचार करा. तोवर ते कपाटात जिथे आहे तिथेच राहू द्या. फक्त, खालच्या कप्प्यात असेल तर जून लागण्यापूर्वी वरच्या कप्प्यात ठेवा.